डेलच्या रायफलची नवी नळी

अमेरिकेतले सगळे नियम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच आहे, आणि त्याच्या तळघरात मी दोन वर्षं भाड्यानं राहिलो आहे. ॲन आर्बरच्या बाहेर, बस जिथं संपते तिथून पुढं चार मैलांवर, मक्याच्या शेताला लागून आमच्या घरमालक काकांचं घर. त्यांचं नाव सांगत नाही, कारण परवानगीशिवाय एखाद्याचं नाव छापण्याबद्दल काय नियम आहे हे ते मला लगेच फोन करून सांगतील. रस्त्यावर दोन मैलांत चिटपाखरू नसलं तरी स्टॉपच्या पाटीपाशी ते गाडी पुरती थांबवत, मोठ्यांदा तीनपर्यंत आकडे मोजत आणि मगच ब्रेकवरचा पाय काढत. माझी पहिली परीक्षा होती त्या दिवशी वाटेत अशा अकरा पाट्या लागल्या. कचऱ्याचा डबा रस्त्याकडे कुठल्या बाजूनं तोंड करून ठेवायचा, टपालपेटी जमिनीपासून किती उंच असावी, हे त्यांना टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, कारकुनापेक्षा जास्त ठाऊक. या घरात राहायला आल्या आल्या त्यांनी स्वतःची टपालपेटी दीड इंच वर घेतली होती. मग शेजारच्या डेलची पेटी तीन इंच खाली आहे हे बघवेना, म्हणून एका सकाळी त्याला न विचारता तीही वर घेतली. डेल कॉफीचा मग हातात धरून दारातून हा प्रकार बघत होता. काम संपल्यावर तो एवढंच म्हणाला म्हणे, की प्रोफेसर, माझं कुंपणसुद्धा वाकडं आहे. तेव्हापासून काका त्याचे प्रोफेसर झाले, आणि कुंपण त्याच आठवड्यात सरळ झालं.

काका मूळचे सांगलीचे. भोसरीच्या एका टूलरूममध्ये काम शिकले आणि मग इकडे येऊन मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गेजरूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. गेजरूम म्हणजे तयार झालेला माल मापात आहे की नाही हे तपासण्याची खोली. तिथं प्रत्येक मापाचे दोन ठोकळे असतात, एक ‘गो’ आणि एक ‘नो-गो’. पहिला आत गेलाच पाहिजे, दुसरा जाता कामा नये. दुसरा गेला की माल बाद. काकांनी जन्मभर माल बाद केला, आणि निवृत्त झाल्यावर बाद करायला काही उरलं नाही म्हणून ते घरभर फिरू लागले. बसलेले काका मी क्वचितच पाहिले. नाश्ता उभ्यानं, बातम्या सोफ्याच्या मागं उभं राहून, फोन तर अंगणातल्या रस्त्यावर येरझारा घालत. काकू म्हणायच्या, “आमच्या लग्नात यांना सप्तपदी तेवढी मनापासून आवडली. बाकी वेळ पाटावर बसावं लागलं.” शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर कॅलिपर. एकदा त्यांनी जेवताजेवता पोळीची जाडी मोजली आणि कडेला व मध्ये फरक आहे असं अगदी प्रेमानं सांगितलं. काकूंनी पुढचा आठवडाभर ब्रेड दिला.

मला मात्र या माणसाचा फार आधार वाटायचा. माझे वडील चोपड्याला नगरपालिकेत व्हॉल्व्हमन, म्हणजे कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं हे बघणारे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे शिक्का असलेला कागद घरात आला की आई देवापुढं ठेवायची आणि वडील तो वाचायला कुणाला तरी शोधत निघायचे. ती भीती मी सामानासोबत इथं घेऊन आलो होतो. विद्यापीठाकडून व्हिसाबद्दल ईमेल आली की ती न उघडताच मी दिवसभर फिरायचो. काकांनी ते पाहिलं आणि पहिल्याच महिन्यात मला ओट्याशी उभं करून सांगितलं, “भीती वाटली की मूळ कागद वाचायचा. लोकांनी सांगितलेला नाही, मूळ. निम्मी भीती पहिल्या पानावर संपते, उरलेली निम्मी खरी असते, तिची तयारी करायची.” मी आज ज्या चार कागदांवर न घाबरता सही करतो त्याचं श्रेय या वाक्याला आहे.

तर डेल. सत्तरी ओलांडलेला, उंच, कमी बोलणारा. अशा माणसाला नुसतं डेल म्हणताना माझी जीभ सुरुवातीला अडखळायची, पण त्याला दुसरं काही चालत नसे. दर वर्षी पंधरा नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि त्या दिवशी डेल वडिलांची जुनी रायफल घेऊन राज्याच्या पार वरच्या टोकाला, मोठ्या पुलापलीकडच्या जंगलात असायचा. चौदाव्या वर्षापासून त्यानं हा दिवस चुकवला नव्हता. तो चुकला त्याची बायको लोइस आजारी पडल्यावर. तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी आली, सोबत पेटीएवढं गुरगुरणारं मशीन आलं, आणि डेलला घर सोडून किराणा आणण्यापलीकडे कुठे जाता येईना. त्याच्या घरामागं स्वतःची दहा एकर झाडी होती आणि तिथं हरणंही भरपूर होती. अडचण कायद्याची होती. राज्याचा आमचा दक्षिणेकडचा भाग सपाट आणि वस्तीचा, म्हणून इथं लांब पल्ल्याच्या, गळ्याशी निमुळत्या होणाऱ्या काडतुसांवर हरणाच्या शिकारीसाठी बंदी होती. सरळ भिंतीचं, आखूड काडतूस चालायचं. डेलची रायफल निमुळत्या काडतुसाची, तिला सगळे ‘थर्टी-ऑट-सिक्स’ म्हणत. दुसरी बंदूक विकत घेता आली असती, पण वडिलांच्या रायफलखेरीज दुसरी त्यानं कधी खांद्याला लावली नव्हती आणि आता या वयात लावायची त्याची इच्छा नव्हती.

हे त्यानं टपालपेटीपाशी सहज सांगितलं. काका तीन दिवस नियमावली घेऊन घरात फिरत होते. एकदा तर ती वाचत वाचत शेजाऱ्यांच्या मक्यात गेले. चौथ्या दिवशी ते डेलच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले की या पुस्तकात बंदूक बदला असं कुठेही लिहिलेलं नाही, काडतूस बदला असं लिहिलेलं आहे. रायफल तीच ठेवायची, नळी बदलायची. डेलनं विचारलं की हे जमेल का. काकांनी तो प्रश्न अपमानासारखा घेतला.

इथं सांगायला हवं की हा माणूस पिढीजात शाकाहारी, बाथरूममधला कोळी ग्लासमध्ये पकडून बाहेर सोडणारा, आणि बंदूक त्यानं तोपर्यंत फक्त टीव्हीवर पाहिलेली. काकूंनी हात टेकले. “मुंगी मारायची तर यांना परवाना लागतो,” त्या मला म्हणाल्या, “आणि आता आमच्या गॅरेजमध्ये गन.” काकांचं म्हणणं असं की हरणाचा प्रश्न डेलचा आणि त्याच्या देवाचा, आपला संबंध फक्त मापाशी.

मग सुरू झाली प्रश्नांची रांग. एकेक प्रश्न काका वहीत लिहीत आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत येरझारा घालत. कायद्यानं बंदूक म्हणजे नक्की काय? उत्तर मिळालं की ज्यावर नंबर कोरलेला आहे तो मधला पोलादी तुकडा म्हणजे बंदूक. नळी म्हणजे सुटा भाग, ती टपालानं घरी येते. हे वाचून काका इतके खूश झाले की त्यांनी संध्याकाळी मला अंगणात नेऊन दोनदा समजावलं. जुना बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद करणारा दट्ट्या, चालेल का? चालेल, कारण दोन्ही काडतुसांचं बूड एकाच मापाचं. रायफलच्या खालच्या काडतुसांच्या पेटीतून नवं जाडं काडतूस वर सरकेल का? नाही सरकणार. म्हणजे एका वेळी एकच काडतूस हातानं घालायचं. काकांना वाटलं यावर डेल नाराज होईल, पण तो म्हणाला की एक पुरे, दुसऱ्या गोळीला माझे वडील माफीनामा म्हणायचे. नव्या नळीवर नवं माप ठळक कोरलं पाहिजे, म्हणजे उद्या कुणी भलतं काडतूस घालणार नाही. काकांनी ते इंग्रजीत कोरलेलं मागवलं आणि समाधान होईना म्हणून लाकडी दस्त्याच्या आत, स्क्रूखाली, मराठीत एक चिठ्ठीही चिकटवली, ‘जुने काडतूस घालू नये’. ती कोण वाचणार असं मी विचारलं तर म्हणाले, “जो वाचेल त्याला तरी कळेल.”

रायफल त्यांच्या गॅरेजमध्ये एकटी राहणं काकांना मंजूर नव्हतं. मालक हजर असेल तर ताब्याचा प्रश्नच निघत नाही, असा त्यांचा हिशोब. म्हणून ठरलं की मंगळवारी आणि शनिवारी दुपारी डेल स्वतः रायफल घेऊन येईल, दोन तास काम होईल आणि जाताना तो ती घेऊन जाईल. पण दोन तास लोइसला एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तीही यायची, चाकाच्या गाडीवर मशीन ओढत. माझ्या बाबतीत तर काका कायद्याच्याही पुढं गेले. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही, काही अपवाद सोडले तर. माझी डिग्री पणाला लागेल म्हणून त्यांनी गॅरेजच्या फरशीवर एक पिवळी पट्टी चिकटवली. मी पट्टीच्या अलीकडे, हात मागे बांधून. एकदा एक स्क्रू घरंगळत माझ्या बुटापाशी आला. मी वाकलो तर दोन म्हातारे एकदम ओरडले. तो स्क्रू काकांनी झाडूनं पलीकडे ओढून घेतला.

स्वयंपाकघरात वेगळंच जुळत होतं. लोइस आणि काकू यांच्यात समान भाषा म्हणावी तर काकूंचं मराठी मिसळलेलं इंग्रजी आणि लोइसचं दम लागत लागत बोललेलं इंग्रजी. पण खिडकीपाशी टेबलाला टेकून दोघींच्या गप्पा गॅरेजपर्यंत ऐकू यायच्या. काकू म्हणायच्या, “अगं लोइस, तू टेन्शन नको घेऊस, डोन्ट टेक.” आणि लोइसला ते कळायचं. तिसऱ्या भेटीला लोइसनं काचेच्या डिशमधून सफरचंदाचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला इथला गोड पदार्थ, आणला. रिकामं भांडं परत देणं काकूंच्या रक्तात नाही. पुढच्या मंगळवारी डिश शंकरपाळ्यांनी भरून गेली. शनिवारी ती पीचच्या पायनं भरून आली. मग बेसनाचे लाडू गेले, भोपळ्याचा पाय आला, कोथिंबीरवड्या गेल्या. ऑगस्ट, सप्टेंबर असे गेले, आणि एका दुपारी काका हातात कानस घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकले. टेबलावरच्या डिशकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

त्यांच्या मनात आलेली शंका अशी. दुसऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. काका एक पैसाही घेत नव्हते, म्हणून ते निर्धास्त होते. पण पाय? ज्या ज्या दिवशी काम, त्या त्या दिवशी पाय. हा मोबदला झाला नाही का? आणि वर आपण लाडू देतो, म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी, नियमित, ठरलेल्या वारी. धंदा याहून वेगळा काय असतो? त्यांनी महाराष्ट्र मंडळातल्या एका वकील मुलीला फोन केला. ती इथंच जन्मलेली. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “अंकल, इट्स पाय.” काकांना हे कायदेशीर मत वाटलं नाही. त्यांनी सरकारी माहिती केंद्राला फोन लावला, अंगणात पाऊण तास फिरत होते. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, कुठला पाय? शेवटी काकांनी स्वतःच निर्णय दिला. रायफलचं काम संपेपर्यंत ती डिश आपल्याकडेच राहील. रिकामी नाही आणि भरलेलीही नाही. डिशच गेली नाही तर पायही येणार नाही.

काकूंनी विरोध केला, पण फार नाही. डिश कपाटात गेली. पुढच्या शनिवारी डेल आणि लोइस रिकाम्या हातानं आले, लोइसची नजर एकदा ओट्यावर फिरली आणि ती नेहमीपेक्षा लवकर निघू या म्हणाली. मंगळवारी कुणी आलं नाही. त्या शनिवारी नाही, पुढच्या मंगळवारीही नाही. काका गॅरेजमध्ये हत्यारं पुसत राहिले, ती पुसून चकचकीत झाल्यावर उलटीकडून पुसत राहिले. रायफल डेलकडे अर्धी उघडलेली, नवी नळी हातानं बसवून पाहिलेली पण आवळलेली नाही, आणि ऑक्टोबरचा शेवट आलेला. तुम्ही विचारत का नाही, असं मी म्हणालो. ते म्हणाले की बंदुकीबद्दल आपण होऊन विचारणं बरं दिसत नाही. काकूंनी ओला नारळ काढला, करंज्या तळल्या, कपाटातली डिश काठोकाठ भरली आणि कोट चढवून शेजारी निघाल्या. ओल्या पानांनी वाट निसरडी झाली होती म्हणून मी सोबत गेलो.

लोइसनं दार उघडलं तेव्हा तिचे डोळे डिशवरच होते. तिला वाटलं होतं की तिच्या मशीनच्या आवाजाचा आम्हाला कंटाळा आला, आणि डिश ठेवून घेणं ही आमच्याकडची तसं सांगण्याची रीत असावी. रीत परकी, म्हणून विचारायचं कसं, असं तिला झालं. डेलला तिनं सांगितलं होतं की त्या लोकांना आता त्रास देऊ नकोस. काकूंनी तिला मराठीत काय काय सांगितलं ते मला इथं लिहिता येणार नाही, त्यात काकांबद्दल बरंच होतं. लोइस हसायला लागली, हसताना तिला दम लागला, आणि डेल आतून धावत आला. करंजी उभ्याउभ्या खाऊन तो म्हणाला की शनिवारी येतो.

असे दोन आठवडे गेले होते. उरलेल्या दिवसांत काकांनी जेवण गॅरेजमध्येच उभ्यानं घेतलं. शेवटचं काम खरं अवघड होतं. नळी किती आत बसवायची? बोल्ट बंद केल्यावर काडतूस आणि बोल्ट यांच्यामध्ये जी बारीक फट राहते ती ठरावीक मापाचीच हवी. जास्त झाली तर काडतूस आत फुटू शकतं, आणि फुटतं ते नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याशी. ती मापायलाही दोन ठोकळे, ‘गो’ आणि ‘नो-गो’. काकांचा हा घरचा अभ्यास. नळी हातानं बसवून पाहिली की दोन्ही ठोकळे बरोबर उत्तर देत. नळी धरून ठेवणारं मागचं नट आवळलं की नळी केसभर पुढं सरके आणि ‘नो-गो’वरसुद्धा बोल्ट हलकेच मिटे. सोडवा, बसवा, आवळा, पुन्हा तेच. चौदा नोव्हेंबर उजाडला. त्या दुपारी डेलनं स्वतः बोल्ट पुढं ढकलला, तो ‘नो-गो’वर क्षणभर अडखळला आणि मग मिटला. डेल म्हणाला की प्रोफेसर, हा कागदाच्या जाडीइतका फरक आहे. माझे वडील याहून ढिल्या रायफली वापरत. उद्या पंधरा आहे.

काकांनी ठोकळा काढला, रुमालानं पुसला, डबीत ठेवला. पिवळ्या पट्टीच्या अलीकडून मला त्यांचे हात दिसत होते. एकतीस वर्षांत त्यांनी किती लोकांना नाही म्हटलं असेल, पण ते लोक अनोळखी होते.

“उद्या होणार नाही, डेल,” ते म्हणाले. “ही बाद आहे.”

डेल गॅरेजच्या दाराबाहेर बघत उभा राहिला. मग तो अगदी सावकाश म्हणाला की पुढच्या वर्षी लोइस असेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. तिला खिडकीतून मी दिसावा आणि मलाही तिथंच असता यावं, एवढंच मागतो आहे. काकांच्या कुठल्याच पुस्तकात याचा नियम नव्हता. तेवढ्यात आतल्या दारात मशीनची गुरगुर आली. लोइस चौकटीला धरून उभी होती, मागं काकू.

“डेल,” ती म्हणाली, “मला खिडकीतून तू डोक्यासकट दिसायला हवा आहेस. त्यांनी नाही म्हटलंय ना? मग नाही.”

पंधरा तारखेला पहाटेपासून आजूबाजूच्या झाडीतून दुसऱ्यांच्या बंदुकांचे आवाज येत होते, आणि त्याआधी जन्मात एकदाच चुकवलेला तो दिवस दुसऱ्यांदा चुकवून डेल सकाळी नऊ वाजता रायफल घेऊन गॅरेजमध्ये हजर झाला. तो स्टुलावर बसला. काका रात्री कधी झोपले होते देव जाणे, पण वहीत नवी आकृती होती. आटे आवळताना नळी किती सरकते ते आधी मोजायचं आणि तेवढी ती मुद्दाम आत घेऊन मग आवळायची. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा ‘गो’वर बोल्ट लोण्यासारखा मिटला आणि ‘नो-गो’वर अर्ध्या वाटेत थांबला तो थांबलाच. काकांनी डेलला ढकलून पाहायला लावलं. डेलनं पाहिलं आणि काकांच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्यानं काका सोडतील कसे. रायफल वीस मैलांवरच्या परवानाधारक बंदूक कारागिराकडे तपासायला गेली, त्यानं ती दोन दिवस ठेवून, गोळी झाडून पाहून बरी आहे असं लिहून दिलं. काकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि त्यातली स्पेलिंगची एक चूक दाखवली.

मग अंतराचा घोळ. वस्तीच्या घरापासून साडेचारशे फुटांच्या आत शिकार करायची तर त्या घरमालकाची परवानगी लागते. काकांनी पोलादी टेप लावला. डेलच्या ओकच्या झाडाखालची खुर्ची आमच्या घरापासून चारशे एकेचाळीस फुटांवर भरली. खुर्ची नऊ फूट मागं घ्यावी तर लोइसच्या खिडकीतून दिसेना. तेव्हा काकांनी ‘मी, खाली सही करणारा’ अशी सुरुवात करून तीन पानी परवानगीपत्र लिहिलं, काकूंना साक्षीदार केलं आणि एक प्रत टपालानं डेलला पाठवली, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

हंगामाच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी डेल नारिंगी जाकीट घालून त्या खुर्चीवर जाऊन बसला. झाडांची पानं गळून गेली होती, त्यामुळे लोइसच्या स्वयंपाकघरातून नारिंगी ठिपका स्पष्ट दिसत होता. काकू तिच्याजवळ बसल्या होत्या. मी चहा करत होतो. काका बाहेर व्हरांड्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे, दर फेरीला खिडकीतून आत बघत, जणू काय चाललंय ते आम्हीच त्यांना सांगणार होतो. लोइसनं मशीन कमीत कमी आवाजावर ठेवायला सांगितलं होतं, तरी ते गुरगुरत होतंच. साडेनऊच्या सुमारास एक आवाज झाला. एकच. काकूंनी डोळे मिटून हात जोडले, हरणासाठी असावेत. लोइसनं टेबलावरचा स्वतःचा हात उचलून काकूंच्या जोडलेल्या हातांवर ठेवला. नारिंगी ठिपका खुर्चीवरून उठला, टोपी काढून खिडकीच्या दिशेनं हलवली, आणि ती म्हणाली, “हे मी कधी पाहिलं नव्हतं. बेचाळीस वर्षं तो मला फक्त येऊन सांगायचा.”

काकांनी हरणाकडे पाहिलं नाही. त्यांनी डेलकडून रिकामं काडतूस मागून घेतलं, भिंगाखाली सगळ्या बाजूंनी फिरवलं आणि एकही ओरखडा नाही, फुगवटा नाही, असं त्याला सांगितलं. डेल रडत होता, त्यामुळे त्यानं ते नीट ऐकलं नसावं.

त्यानंतरच्या मे महिन्यात मला डिग्री मिळाली. आईवडिलांना व्हिसा मिळाला नाही, तेव्हा स्टेडियममध्ये माझ्या घरच्यांच्या जागेवर काका आणि काकू होते. समारंभ तीन तास चालला आणि काका शेवटच्या रांगेमागं उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याआधी एप्रिलमध्ये लोइस गेली होती. शेवटचे दिवस काकू तिच्या उशाशी होत्या, आणि दोघी कुठल्या भाषेत बोलत ते मला आजही माहीत नाही. नोकरी लागून मी दुसऱ्या राज्यातल्या मॉरिसव्हिलला यायला निघालो त्याच आठवड्यात डेल रायफल घेऊन आला. शनिवार नव्हता, मंगळवारही नव्हता. त्याचं म्हणणं काका समजून गेले असावेत, तरी त्यांनी त्याला बोलू दिलं. डेल म्हणाला की जुनी नळी परत बसवून दे. आता मला लांब जायला हरकत नाही.

त्यावेळी काकांनी एकही कायदेशीर प्रश्न काढला नाही. काम एका दुपारीत झालं. दोन्ही ठोकळ्यांनी पहिल्याच फेरीत बरोबर उत्तर दिलं, आणि इतकं बिनचूक काम होऊनही गॅरेजमध्ये कुणाला आनंद झाला नाही. डेल रायफल केसमध्ये घालत असताना काका त्याच्याभोवती घुटमळत राहिले. पुलापलीकडे फोनला रेंज असते का, जंगलातल्या खोपट्याला कुलूप कसं आहे, चुलीचं धुराडं कुणी तपासलं का. डेल सगळ्याला हो म्हणत गेला.

या वर्षी पंधरा नोव्हेंबरला, ऑफिसच्या वेळेत, मीच काकांना फोन केला. ते अंगणात होते, वारा ऐकू येत होता आणि बुटांखालचा खडी चिरडल्याचा आवाजही. डेल आदल्या दिवशी एकटाच वर गेला होता. पोचल्यावर फोन कर, असं काकांनी त्याला सांगितलं होतं, आणि डेलनं विचारलं होतं की कुणाला. मला कर, असं काका म्हणाले. मी माझ्या नोकरीचं, नव्या व्हिसाच्या कागदांचं सांगायला सुरुवात केली. काकांनी दोन वाक्यं ऐकली.

“हे बघ, तुझं मी संध्याकाळी सगळं नीट ऐकतो,” ते म्हणाले. “आत्ता फोन ठेव. लाइन मोकळी पाहिजे.”

डेलचा फोन आला का, हे विचारायला त्या दिवशी मी पुन्हा फोन केला नाही. लाइन मोकळी असायला हवी होती.